एअरीच्या समीकरणाची फीत

जून १९४९. केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर उभे आहात. समोर एडसॅक हा संगणक आहे. सुमारे ३००० व्हॉल्व्ह, उघड्या चौकटींच्या रांगा आणि त्यांची धग. संख्या साठवल्या जातात त्या पाऱ्याच्या नळ्यांत. ध्वनीची स्पंदनं होऊन त्या तिथे सतत फिरत राहतात. ६ मे रोजी या यंत्राने वर्गसंख्यांचा तक्ता छापला. आता ते बांधणाऱ्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांनी त्याच्यापुढे पहिलं अवघड गणित ठेवलंय, आणि तुमच्याही कागदावर तेच आहे: एअरीचं समीकरण.

इंद्रधनुष्याच्या कडेजवळ प्रकाश किती तीव्र असतो, या प्रश्नातून जॉर्ज एअरींना एकोणिसाव्या शतकात या समीकरणाचं उत्तर असलेलं फल सापडलं. समीकरण एका ओळीचं आहे. य या फलाचा दुसरा विकलज म्हणजे क्ष गुणिले य. सुरुवातही ठाऊक आहे: क्ष शून्य असताना य ०.३५५०२८, उतार उणे ०.२५८८१९. तिथून छोटी छोटी पावलं टाकत डावीकडे, ऋण बाजूला जायचं.

अडचण अशी की यंत्राला फक्त उणे १ ते १ यांमधल्याच संख्या कळतात. म्हणून क्ष ऐवजी तुम्ही त्याचा आठवा भाग साठवता आणि गुणाकार झाल्यावर कुठेतरी आठाने गुणून घ्यायचं ठरवता. खालच्या मजल्यावर जाऊन कागदी फितीला भोकं पाडता, वर येता, फीत लावता. टेलिप्रिंटर खडखडू लागतो.

उणे ०.१ ला ०.३८१. या फलाच्या छापील तक्त्यातही तेच आहे, आणि तुम्ही सुखावता.

इथेच थांबू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. पुढे उणे १ ला ०.६०४ छापलं जातं. यंत्र अडखळत नाही, कुठलीही संख्या मर्यादेबाहेर जात नाही, आलेख छान गुळगुळीत वळतो. पण १९४६ साली प्रसिद्ध झालेले जे. सी. पी. मिलर यांचे तक्ते शेजारी ठेवलेत तर तिथे ०.५३६ आहे. आलेखाने अक्ष ओलांडायला हवा उणे २.३३८ पाशी, तुमचा तर त्याच्या दुपटीहून लांब जाऊन ओलांडतो.

आता समीकरण पुन्हा पुन्हा वाचून काही हाती लागणार नाही. कागदावरचं समीकरण बरोबरच आहे. यंत्राने जे सोडवलं ते समीकरण निराळं आहे: दुसरा विकलज म्हणजे क्ष गुणिले य, भागिले आठ. आठाने गुणायची आज्ञा फितीवर चढलीच नाही. शून्याजवळ क्ष इतका लहान असतो की आठपटीचा फरक पहिल्या तीन अंकांत दिसतही नाही, म्हणून पहिलं उत्तर जुळलं. सूत्र तपासायचं तर जिथे त्यातलं प्रत्येक पद जोर धरतं तिथली किंमत घ्यावी. सोप्या जागेवरचं जुळणं फसवं असतं.

तुम्ही पुन्हा जिन्याकडे वळता. याच जिन्यावर, यंत्र आणि भोकं पाडायची खोली यांच्यामध्ये ये-जा करताना, विल्क्सना उमगलं की उरलेल्या आयुष्यातला मोठा काळ स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या चुका हुडकण्यात जाणार आहे. पुढे त्यांनी तसं लिहून ठेवलं. त्यांच्या या गणिताची एक जुनी फीत टिकून राहिली आणि इतिहासकार मार्टिन कॅम्बेल-केली यांनी ती तपासली: १२६ ओळी, त्यात वीसेक चुका. इतक्या तयारीच्या माणसाच्या फितीत एवढ्या चुका निघाल्या, याचा मला मोठा आधार वाटतो. प्रयोगशाळेने त्या झाकल्या नाहीत, त्यांच्यावर पद्धत बसवली. चुका शोधण्यासाठी यंत्रासमोर बसून पडद्यावरचे ठिपके न्याहाळत एकेक आज्ञा पुढे सरकवण्यात फार वेळ जाई. १९५१ मध्ये तिथल्याच स्टॅन्ली गिल यांनी चुकांच्या निदानावर निबंधच प्रसिद्ध केला. त्यांचा तपासणी-प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमची प्रत्येक आज्ञा पार पाडता पाडता छापत जाई.

तुमची फीत दुरुस्त झाली. उणे १ ला ०.५३६. आता उजवीकडे, धन बाजूला निघा.

इथे फीतही बरोबर आहे आणि सूत्रही, तरी उत्तर बिघडतं. या समीकरणाला दोन उत्तरं आहेत: एक उजवीकडे विरत जातं, दुसरं भडकत जातं. तुम्हाला विरणारं हवंय, पण सुरुवातीच्या किमती सहा अंकांवर तोडल्यामुळे भडकणाऱ्याचा कण त्यात मिसळलाय. क्ष ५ होईपर्यंत तो कण एवढा वाढतो की खऱ्या ०.०००१०८ या किमतीऐवजी तिच्या तिपटीहून मोठी संख्या छापली जाते. आणखी अंक घेतलेत तर हे संकट थोडं पुढे ढकललं जाईल, एवढंच. उपाय दिशा उलटवण्याचा आहे: दूर उजवीकडून निघून शून्याकडे या. त्या वाटेवर भडकणारं उत्तर विरतं आणि हवं ते वाढत येतं. शून्यावर पोचल्यावर सगळ्या किमती एकाच गुणकाने अशा बसवा, की तिथे ०.३५५०२८ येईल.

त्यासाठी नवी फीत लागेल. भोकं पाडायचं यंत्र खालच्या मजल्यावर आहे.