शेजवलकरांचे पानिपत आणि इब्राहिमखान गारदी

पवनीच्या शाळेत इतिहासाच्या तासाला पानिपत आले की वर्गातली चार-सहा तोंडे माझ्याकडे वळत. अब्दाली जणू माझा चुलताच होता! घरी विचारले तर अब्बा म्हणत, ‘गारदी कोण होता ते वाच.’ पुस्तकात इब्राहिमखानावर एकच ओळ होती. बाकीचे मला पुष्कळ वर्षांनी त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी सांगितले.

शेजवलकर १८९५ चे, कोकणातले. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक म्हणून तिथे आले. तिथल्या कामातून १९४६ मध्ये ‘पानिपत १७६१’ हा इंग्रजी ग्रंथ झाला. मराठी पुस्तक त्यानंतर पंधरा वर्षांनी, लढाईला दोनशे वर्षे होत असताना आले. माणूस फटकळ. मुसलमानी राजवटींबद्दलची त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही, पण ते पेशव्यांनाही सोडत नसत.

त्यांनी बखरींवर विसंबून लढाई लिहिली नाही. मराठी पत्रे आणि फारसी हकिकती एकमेकींवर घासून पाहिल्या आणि रणभूमीही पायाखाली घातली. जमिनीची साक्ष काय असते हे आम्हा पवनीकरांना सांगायला नको. जगन्नाथ टेकडीला आम्ही टेकडीच समजत होतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने ती खणली आणि खालून बौद्ध स्तूप निघाला.

इब्राहिमखान फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाच्या चाकरीत होता. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला तो त्याच निजामाविरुद्ध भाऊसाहेबांकडून लढला. पानिपतावर त्याच्याकडे आठ-नऊ हजार गारदी होते. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांच्या डाव्या बगलेवर त्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. भाऊंचा बेत गोल बांधून, तोफा आणि बंदुकांच्या आडोशाने, शिस्तीत पुढे सरकण्याचा होता, असे शेजवलकर मांडतात. घोड्यावर वाढलेल्या सरदारांना ही चाल पचली नाही. विंचूरकर आणि गायकवाड गोल मोडून पुढे धावले, गारद्यांच्या बंदुका आपल्याच घोडेस्वारांमुळे अडल्या. गारदी बहुतेक कापले गेले. म्हणजे पराभवाचे एक मोठे कारण जुन्या आणि नव्या लष्करी पद्धतीचा न जमलेला मेळ. त्यात धर्म कुठे आला? समोर रोहिले मुसलमान, इकडे गारदी मुसलमान. अवधचा शुजाउद्दौला दोन्हीकडची बोलणी ऐकून अखेर अब्दालीकडे गेला.

शेजवलकर १९६३ मध्ये वारले. त्यांचे शिवचरित्र अपुरेच राहिले. प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच ‘श्रीशिवछत्रपती’ म्हणून निघाले आणि त्याला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

जखमी इब्राहिमखान शुजाच्या छावणीत लपवला होता. अब्दालीने त्याला मागून घेतले आणि थोड्याच दिवसांत तो मेला. हे लिहून ठेवणारा काशीराज शुजाच्या चाकरीतला दख्खनी ब्राह्मण. त्याने ते फारसीत लिहिले.