वालाफ्रिडची परसबाग

इसवी सन ८०० च्या पुढेमागे पश्चिम युरोपात बागेविषयी तीन दस्तऐवज निर्माण झाले, आणि सुदैवाने तिन्ही आज उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे राजाच्या मळ्यांविषयीची आज्ञा. तिच्या शेवटी प्रत्येक मळ्यात लावावयाच्या सुमारे नव्वद भाज्या, औषधी व फळझाडे यांची यादी आहे. दुसरा म्हणजे आदर्श मठाचा आराखडा. कॉन्स्टन्स सरोवरातील रायखेनाऊ बेटावरच्या मठात तो तयार झाला आणि इ.स. ८२० ते ८३० च्या सुमारास सेंट गॅलनचे मठाधिपती गोझबर्ट यांच्याकडे पाठवला गेला. तिसरा म्हणजे एका मठवासीयाने आपल्या दारातील बागेवर रचलेले ४४४ ओळींचे लॅटिन काव्य. इतिहासकार पहिल्या दोहोंचा उल्लेख अधिक करतात. आम्हाला मात्र हा तिसरा दस्तऐवज अधिक मोलाचा वाटतो.

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या ६६ व्या प्रकरणात पाणी, गिरणी आणि बाग मठाच्या आवारातच असावी असे सांगितले आहे. बंधुजनांना बाहेर भटकण्याचे निमित्तच उरू नये, हा हेतू. आराखडा काढणाऱ्याने हा नियम तंतोतंत पाळला. भाजीच्या बागेत त्याने अठरा वाफे दाखवले आणि प्रत्येकावर नाव लिहिले: कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू, कोबी. आजाऱ्यांच्या निवासाजवळ औषधींचे सोळा वाफे आहेत. त्यांत मेथी, जिरे, बडीशेप, सताप यांची नावे सापडतात. आपण आल्प्सच्या पायथ्याशी आहोत की वसईच्या बाजारात, असा वाचताना क्षणभर संभ्रम पडावा! दफनभूमीत मधोमध क्रूस आहे आणि थडग्यांच्या रांगांमधून सफरचंद, अंजीर, बदाम, तुती अशी फळझाडे. सिमेंटने बांधून काढलेल्या आमच्या दफनभूमी पाहिल्या की हा आराखडा आम्हाला हटकून आठवतो.

परंतु आज्ञा आणि आराखडा यांत माती नाही. कोणी खणले, पाणी कोणी घातले, कोणते रोप जगले, हे त्यांवरून कळत नाही. ते सांगितले वालाफ्रिडने.

हा वालाफ्रिड इ.स. ८०८ च्या सुमारास स्वाबिया प्रांतात गरीब घरी जन्मला व रायखेनाऊच्या मठात वाढला. डोळ्यांत तिरळेपणा असल्यामुळे ‘स्ट्राबो’ म्हणजे तिरळा हे नाव त्याला चिकटले, आणि त्याने ते स्वतःही आनंदाने वापरले. सम्राट लुईच्या दरबारी तो राजपुत्र चार्ल्सचा शिक्षक होता. इ.स. ८३८ मध्ये तो रायखेनाऊचा मठाधिपती झाला. ८४० मध्ये राजपुत्रांच्या भाऊबंदकीत त्याला मठ सोडावा लागला व ८४२ मध्ये तो परतला. असा दरबार पाहिलेला मनुष्य काव्यात मात्र आपल्या पूर्वाभिमुख दारापुढील खाजकुयलीसारख्या बोचऱ्या झुडुपांविषयी तक्रार करतो!

हिवाळा वर्षभराची कमाई गिळून बसतो, मग वसंत येतो आणि अंगणभर ही बोचरी झुडुपे माजतात. त्यांची मुळे टोपलीच्या विणीसारखी एकमेकांत गुंतलेली. वालाफ्रिड ती उपटतो, ढेकळे फोडतो, चिचुंद्रीसारख्या प्राण्यांनी पोखरलेली बिळे मोडतो. माती वाहून जाऊ नये म्हणून वाफ्यांना फळ्यांच्या कडा लावतो आणि शेणखत घालतो. पावसाने ओढ दिली तर स्वतः पाणी वाहून आणतो, आणि धारेने बी उघडे पडू नये म्हणून ते ओंजळीतून थेंबथेंब सोडतो. एका बाजूला छपराच्या वळचणीखाली पाऊस पोहोचत नाही, दुसऱ्या बाजूला उंच भिंत ऊन अडवते. असल्या जागेत त्याने तेवीस प्रकारच्या वनस्पती वाढवल्या. हे ज्ञान आपण केवळ ऐकून वा ग्रंथ वाचून मिळवलेले नाही, तर स्वतः राबून मिळवले, असे तो मोकळेपणाने सांगतो.

मुळ्याने खोकला शमतो, सताप विषावर चालते, असे घरगुती उपाय तो प्रत्येक रोपाबरोबर देतो. पुदिन्याच्या जातीच्या एका रोपाविषयी तर तो ऐकीव गोष्ट सांगतो की, गॉल देशात काळ्या मिरीच्या राशीला जे मोल, तेच भारतातील जाणकार या रोपाला देतात. मिरी आपल्याकडची, हे मात्र त्याला पक्के ठाऊक होते. पण त्याची लेखणी खरी रंगते ती भोपळ्यावर. वेलीचे तणावे आधाराला कसे घट्ट धरतात, फळे मांडवाखाली कशी लोंबतात, कोवळे फळ चरबीत तळून कसे खातात आणि जून फळ वाळवून त्याचे भांडे कसे करतात, हे सारे तो तपशिलाने सांगतो. हा भोपळा म्हणजे आपला दुधी. लाल भोपळा, मिरची, टोमॅटो, बटाटा ही सारी मंडळी १४९२ नंतर अमेरिकेतून निघाली आणि त्यांतील कित्येक पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडे आली. वालाफ्रिडला त्यांतले काहीच माहीत नव्हते. दुधी मात्र त्याच्या मांडवावरही होता आणि आपल्याही.

आपल्या वाडीचे वर्ष निराळे. मृगाआधी वाफा खणायचा, पहिल्या पावसावर दुधी, पडवळ, शिराळी टोकायची. ८ सप्टेंबरच्या मरियामातेच्या जन्मोत्सवापर्यंत मांडव लगडतो. पाऊस सरला की मुळा, मेथी, वांगी; आणि उपवासकाळापासून पुढे सारा भार पाण्यावर. ते पाणी विहिरीचे नि बावखलाचे. गेल्या काही दशकांत कित्येक बावखले बुजवली गेली, अंगणात फरशी आली, मोरीकडेचे अळूही गेले. त्याबरोबर जे ज्ञान जात आहे त्याची नोंद कोठेच नाही. चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, विवाह, दफन सारे नोंदलेले असते. कोणत्या घरी कोणत्या वेलाचे बी किती पिढ्या राखले, राखेत ठेवले की वाळल्या दुधीत, कोणत्या नक्षत्रावर पेरले, याची एक ओळ नसते. वालाफ्रिडच्या आधी आणि नंतरही हजारो मठवासीयांनी वाफे खणले असतील. एकाने ते सविस्तर लिहून ठेवले म्हणून जवळपास बारा शतकांपूर्वीची ती बाग आपण आज पाहू शकतो.

त्याला लिहावयास फार वर्षे मिळाली नाहीत. १८ ऑगस्ट ८४९ रोजी, आपल्या जुन्या शिष्याकडे, राजा चार्ल्सकडे, वकिलीला जात असता लुआर नदी ओलांडताना तो बुडाला. वय चाळिशीच्या आसपास. हे काव्य त्याने सेंट गॅलनचे मठाधिपती ग्रिमाल्ड यांना अर्पण केले होते.

ज्यांच्या घरी आजी अजून मांडवाखाली उभी राहून बी निवडते, त्यांनी तिच्याकडून ते सारे यंदाच्या मृगाआधी लिहून घ्यावे.