पुढल्या बाळंतपणाची तजवीज

स्त्रीच्या श्रोणीचे हाड अपघातात मोडलेले असो, बालपणीच्या मुडदुसाने ते वाकलेले असो अथवा शस्त्रवैद्याच्या सुरीने त्याचा सांधा उकललेला असो, तिला दिवस गेले की या अस्थिमय द्वारातून मूल सुखरूप बाहेर येईल काय, हा एकच प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो. तो वेणा सुरू झाल्यावर विचारायचा की काही महिने आधी, आणि त्याचे उत्तर देण्याची मुखत्यारी कोणाची, या दोन मुद्द्यांभोवती प्रसूतिशास्त्राचा तीनशे वर्षांचा इतिहास फिरत आलेला आहे. त्यांतील पहिला मुद्दा निकालात निघाल्यावरही दुसरा किती काळ प्रलंबित राहिला, हे पॅरिसपासून डब्लिनपर्यंत चाललेल्या एका शस्त्रक्रियेच्या वृत्तांतावरून कळून येते.

१७०१ साली हॉलंडमधील हेन्ड्रिक व्हान डेव्हेन्टर याने श्रोणीच्या विकृतींचे पद्धतशीर वर्णन केले, आणि पुढे अर्धशतकाने, १७५२ मध्ये, लंडनच्या विल्यम स्मेली याने आपल्या ग्रंथात आतील अंतर बोटांनी अजमावण्याची रीत घालून दिली. तोवर अडलेल्या बाळंतिणीची अडचण सुईणीला कळे ती वेणा देऊन देऊन बाई थकल्यावर. आता ती आगाऊ कळू लागली. परंतु ज्ञान आले तरी इलाज आला नव्हता. मार्ग फार अरुंद आहे असे ठरल्यास गर्भाच्या मस्तकाचा भेद करून त्याला बाहेर काढणे, मुदतीपूर्वीच वेणा आणणे, किंवा पोट चिरणे, एवढेच पर्याय उरत. आणि यांपैकी शेवटच्यात माता बहुधा दगावे, कारण गर्भाशयाची जखम शिवून टाकण्याची वहिवाट त्या काळी नव्हती.

या पेचातून वाट काढण्यासाठी १ ऑक्टोबर १७७७ रोजी पॅरिसमध्ये जाँ-रने सिगो याने सूशो नावाच्या एका शिपायाच्या बायकोवर निराळाच प्रयोग केला. तिची यापूर्वीची चारही मुले जन्मतःच गेली होती. श्रोणीची दोन हाडे समोर जेथे कूर्चेने जोडलेली असतात, तो जघनसंधी सिगोने कापला, हाडे किंचित फाकली आणि मूल जिवंत बाहेर आले. माताही वाचली. पॅरिसच्या वैद्यकीय विद्वत्सभेने सिगोच्या गौरवार्थ पदक पाडले. पण त्या बाईला मूत्र आवरेनासे झाले व चालणेही कष्टाचे झाले, ही गोष्ट पदकावर कोरण्याजोगी नव्हती. श्रोणीच्या मापनाला शास्त्राचे रूप देणाऱ्या बॉदलोकने या शस्त्रक्रियेस कडाडून विरोध केला, आणि काही दशकांत ती बहुतांशी मागे पडली.

पुढे पोट चिरण्याच्या, म्हणजे सीझर, शस्त्रक्रियेलाच सुरक्षित रूप येऊ लागले. १८७६ साली पाव्हिया येथे एदुआर्दो पोर्रो याने गर्भाशय काढून टाकून मातेचा जीव वाचवला, १८८२ मध्ये माक्स झेंगर याने गर्भाशयाची जखम काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत प्रसृत केली, आणि १८८८ साली ग्लासगोत, जेथे मुडदुसाने वाकलेल्या श्रोणीच्या स्त्रिया वारंवार दाखल होत, मर्डॉक कॅमेरन याने त्याच मार्गाने यश मिळवले. नेपल्समध्ये मोरिसानी व पॅरिसमध्ये पिनार यांनी जघनसंधीच्या छेदाचे पुनरुज्जीवन केले खरे. तथापि विसाव्या शतकात सीझर शस्त्रक्रिया निर्धोक होत गेली तसा युरोपात त्या छेदाचा आधार ढासळत गेला.

आयर्लंड मात्र याला अपवाद ठरले. १९४४ पासून डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूतिगृहात अलेक्झांडर स्पेन यांनी, व त्यांच्यामागून आलेल्या आर्थर बॅरी यांनी, हा छेद पुन्हा सुरू केला. त्यामागचा तर्क निव्वळ वैद्यकीय नव्हता. सीझर शस्त्रक्रिया तीन-चार वेळांपलीकडे करणे धोक्याचे मानले जाई, म्हणजे पुढे गर्भधारणा टाळणे ओघानेच आले. आणि १९३५ च्या कायद्याने गर्भनिरोधक साधनांची विक्री व आयात बंद केलेली, शिवाय धर्मसंस्थेचा त्यांना निषेध. तेव्हा सांधा एकदा कापून श्रोणी थोडी रुंद करून ठेवली म्हणजे पुढल्या सर्व बाळंतपणांची तजवीज झाली, असा तो हिशेब होता. एका प्रसूतीच्या निमित्ताने स्त्रीच्या देहात भावी प्रसूतींसाठी कायमचा फेरफार करायचा, आणि त्या पुढल्या प्रसूती तिला हव्या आहेत काय याची विचारपूसही करायची नाही, अशा रीतीने या शस्त्रक्रियेपुरती पूर्वतयारी आणि इजा यांतील भेदरेषाच पुसून गेली.

आयर्लंडमधीलच द्रोहेडा येथील रुग्णालयात ही प्रथा १९८० नंतरही टिकून राहिली, आणि देशभरात एकंदर सुमारे दीड हजार स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचा अंदाज आहे. छेदानंतर आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहिलेल्या, कंबरेच्या दुखण्याने व मूत्र न आवरल्याने त्रासलेल्या स्त्रियांपैकी कित्येकींना आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे काही दशकांनी कळले. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने या प्रकरणी चौकशीची मागणी केली, आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या सरकारने, कोणतीही जबाबदारी कबूल न करता, ५० हजार ते दीड लाख युरोंची सानुग्रह रक्कम देण्याची योजना मंजूर केली. बहुसंख्य अर्जदार स्त्रिया बऱ्या झाल्या व पुढे त्यांना मुले झाली, असा योजनेच्या न्यायाधीशांचा निष्कर्ष होता. तो खरा मानला तरी विचारणा न झाल्याचा आक्षेप त्याने दूर होत नाही.

डब्लिनमध्ये हा छेद पुन्हा सुरू होण्याआधीच हिंदुस्थानात श्रोणीचा विचार निराळ्या दिशेने चालला होता. काश्मिरात काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की पडद्यात वाढणाऱ्या मुलींची हाडे सूर्यप्रकाशाअभावी मऊ पडून वाकतात व त्याचे फळ बाळंतपणात भोगावे लागते. त्यांचा इलाज प्रसूतीच्या कितीतरी वर्षे आधीचा होता: मुलींना ऊन मिळू द्या.

मापनाच्या साधनांनाही आपली किंमत होती. क्ष-किरणांनी गर्भवतीची श्रोणी बिनचूक मोजता येते, म्हणून तो मार्ग सर्रास वापरात आला. पण १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण व मुलांचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि त्या अचूकतेचा मोह आवरावा लागला. आज जुने अस्थिभंग भरून आले असतील तर केवळ त्या कारणास्तव पोट चिरावे लागते, असे वैद्य मानत नाहीत. हाडे किती सरकून जुळली, सांध्यावर धातूची पट्टी बसवलेली आहे काय, चालताना वेदना होतात काय, हे जुन्या दप्तरावरून व तपासणीवरून आधीच पाहून, वेणांची वाट पाहायची की शस्त्रक्रियेचा दिवस नेमायचा याचा विचार त्या स्त्रीशी बोलून केला जातो. स्मेलीच्या काळापासून वैद्याला आगाऊ कळू लागले होते. जिच्या देहाची ती वार्ता, तिला ती आगाऊ सांगण्याचे कर्तव्य मात्र शास्त्राने फार उशिरा मान्य केले, आणि त्या मान्यतेवाचून केलेली कोणतीही तजवीज, ती कितीही कुशल असली तरी, स्त्रीची तयारी म्हणवून घेण्यास पात्र नाही.