देशमुखांची दहाची नोट

यंदा सांताक्रूझच्या आमच्या छताला पुन्हा ओल आली, सोसायटीने दुरुस्तीची वर्गणी काढली, आणि घरात सर्वांना एकदम आजोबांच्या दहाच्या नोटेची आठवण झाली. बँकेतल्या कारकुनाने दहा रुपयांवर भिस्त ठेवावी हे माझ्या बी. कॉम.ला शोभणारे नव्हते. पण ही नोट साधी नव्हे. तिच्यावर सहावे जॉर्ज आहेत आणि सही चिंतामणराव देशमुखांची. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. आमचे आजोबाही महाडकडचे, त्यात कॅशियर. आपल्याकडच्या माणसाची सही बघून त्यांनी पदरचे दहा टाकले, बंडलातली ही नोट काढून घेतली आणि पोथीत ठेवली.

मी ती घेऊन फोर्टातल्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने नोट चक्क चिमट्याने धरली. उभ्या नोकरीत नोटेला ओल्या स्पंजाखेरीज मी काही लावलेले नाही, उगाच ओशाळलो. नुसत्या जुनेपणाला किंमत नसते, म्हणाला. दुर्मिळ हवी, आणि शिवाय करकरीत हवी. बँक ऑफ बाँबेच्या नोटांवर आपल्या टाउन हॉलचे चित्र असे. 1861 च्या कायद्याने नोटा काढायचा हक्कच सरकारने स्वतःकडे घेतला, म्हणून त्या आता डोळ्यांना दिसणे मुश्कील. पहिल्या महायुद्धात चांदी आटली, तेव्हा 1917 ला एक रुपयाची आणि पाठोपाठ अडीच रुपयांची नोट निघाली. अडीचची 1926 साली बंदही झाली. ज्यांच्या आजोबांनी त्या खर्चून टाकल्या, ते नातू आज हळहळतात. त्याच्याही आधी लोक टपालातल्या चोरीच्या भीतीने नोट कापून अर्धी पाठवायचे आणि पोचल्याचे पत्र आले की उरलेली अर्धी. (आमच्याकडे कोणी असा तुकडा आणला तर निदान चार खिडक्या फिरवू!)

"ही घडी, हे टाचणीचं भोक. आणि हे हो काय?"

जलचिन्हाच्या जागी निळ्या शाईत 97 लिहिलेले.

"बँकवाल्यांनी नोटांची जेवढी वाट लावली, तेवढी वाळवीनंसुद्धा नाही लावली."

मी कुठे नोकरीला आहे, ते मी बोललो नाही. त्याने सांगितलेल्या किमतीत छत सोडा, गवंड्याचा चहा निघाला असता.

घरी आलो. बाबांनी चष्मा लावून नोट उजेडात धरली.

"सत्त्याण्णव. म्हणजे बंडलात तीन कमी निघाल्या असणार. अण्णांचाच सात हा. शेपूट बघ कसं ओढलंय."

मग त्यांनी नोट होती त्याच पानात ठेवली आणि म्हणाले, "वर्गणीचे हप्ते पाडून मिळतात का, सेक्रेटरींना विचारून ये."