८८वी बुडी

लांज्याहून महामार्गाने कुडाळ गाठायचं, तिथून निवतीला उतरायचं आणि पाणबुडीत बसून समुद्रातले मासे बघायचे, हे स्वप्न आपण २०१८ पासून ऐकतो आहोत. ती पाणबुडी उथळ पाण्यातली. ‘टायटन’ जात होती ३,८०० मीटर खाली, टायटॅनिकच्या सांगाड्यापर्यंत, माणशी अडीच लाख डॉलर घेऊन. तरी तिचा घटनाक्रम निवतीच्या आधी वाचावा असा आहे.

१५ जुलै २०२२ : ८०वी बुडी. वर येताना आतल्यांना मोठा आवाज ऐकू येतो. कार्बन फायबरच्या कवचावरच्या संवेदकांच्या नोंदी त्यानंतर बदलतात. ‘टायटन’ चालवणारी ओशनगेट कंपनी ते मनावर घेत नाही. ‘टायटन’ त्या हिवाळ्यात कॅनडातल्या सेंट जॉन्सला उघड्यावर पडून राहते. कवचाबद्दल शंका काढणाऱ्या डेव्हिड लॉक्रिज यांना कंपनीने २०१८ मध्येच घरी बसवलं होतं. बाहेरच्या कुठल्याही संस्थेचं प्रमाणपत्र तर घेतलेलंच नव्हतं. माझ्या मते उलटी गिनती इथूनच मोजायला हवी.

१८ जून २०२३, रविवार, सकाळी सव्वानऊच्या सुमारास (वेळा तिथल्या) : ८८वी बुडी सुरू. आत पाच जण. कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश स्वतः चालवताहेत. सर्वांत लहान सुलेमान दाऊद १९ वर्षांचा, शेजारी वडील.

१०.४७ : खोली ३,३४६ मीटर. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३४० किलोंचा दाब. ‘दोन वजनं सोडली’ असा संदेश येतो, म्हणजे उतरण्याचा वेग कमी करणं चाललं होतं. मात्र वर ‘पोलर प्रिन्स’ जहाजावर रश यांच्या पत्नी वेंडी यांच्या कानावर धप्पकन आवाज येतो तो या संदेशाच्या काही सेकंद आधी. तो कसला, असं त्या विचारतात. मागोमाग संदेश दिसतो आणि सगळे निर्धास्त होतात. आपल्याकडे तेव्हा तिन्हीसांज. पाऊस आठवडाभर रत्नागिरीतच अडून बसलेला.

दुपार : वर येण्याची वेळ टळते.

संध्याकाळ : तटरक्षक दलाला कळवलं जातं.

१९ ते २१ जून : ९६ तासांच्या प्राणवायूचा हिशेब जगभरच्या पडद्यांवर. पाण्यातून ठोकल्यासारखे आवाज येतात, आशा वाढते. अमेरिकी नौदलाच्या यंत्रांनी मात्र रविवारीच स्फोटासारखा ध्वनी टिपला होता. म्हणजे ज्यांच्यासाठी तास मोजले जात होते, ते पहिल्या सकाळीच गेले होते.

२२ जून : टायटॅनिकच्या नाळेपासून सुमारे ५०० मीटरवर अवशेष सापडतात.

ऑगस्ट २०२५ : अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीचा निष्कर्ष : टाळता आला असता असा अपघात.

उथळ पाण्याचा दिलासा घेणाऱ्यांसाठी आणखी एक तारीख. २७ मार्च २०२५, इजिप्तमधलं हुरघाडा : ‘सिंदबाद’ ही पर्यटक पाणबुडी बुडाली, सहा रशियन पर्यटक दगावले. ती जेमतेम २५ मीटरपर्यंत जाणारी होती.