लाघवाचा इतिहास



जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने यंत्राच्या इतिहासावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु थोड्या साधनांत पुष्कळ साधणे, ज्यास शास्त्रकार ‘लाघव’ म्हणतात, तो विषय माझाच आहे. महानुभावांचा सूत्रपाठ वाचणाऱ्यास तो परका नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने उभारलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९७१ साली इंटेल कंपनीने ‘४००४’ हा प्रक्रियक (शब्द मला रुचत नाही, पण दुसरा सुचत नाही) विक्रीस काढला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, आणि तेही नखाहून लहान सिलिकॉनवर! अर्थात टिफ्रॅकचा शब्द चाळीस द्विमान अंकांचा, याचा केवळ चार अंकांचा. तुलना जपूनच करावी.

ही काटकसर साधते कशी? शाळेतली बेरीज आठवा : आधी एकक, मग दशक, हातचा लक्षात ठेवून. बेरजेचे एकच मंडल ठेवून अंक एकामागून एक त्यातून नेले, तर आठ मंडलांचे काम एक करते. वेळ मात्र आठपट लागतो. १९६६ चा ‘पीडीपी-८/एस’ याच रीतीने स्वस्त झाला आणि मंदही झाला.

मला अधिक मोल वाटते ते १९७५ च्या ‘६५०२’ चे. मोटोरोला सोडून आलेल्या चक पेडल व सहकाऱ्यांनी तेथील ‘६८००’ मधील दोन संचयकांपैकी एक गाळला, आणि ती उणीव स्मृतीतील पहिली २५६ घरे सुलभतेने वापरण्याच्या योजनेने भरून काढली. ट्रान्झिस्टर उरले सुमारे साडेतीन हजार. तुकडा लहान असला की एका चकतीतून अधिक निघतात, सदोषही कमी ठरतात. प्रतिस्पर्धी शंभराहून अधिक डॉलर मागत असता हा २५ डॉलरला मिळू लागला.

१९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेत भारतातील शाळांना जे ‘बीबीसी मायक्रो’ मिळाले, त्यांत हाच प्रक्रियक होता. आपल्या कित्येक मुलांनी पहिला संगणक पाहिला तो असा. ते यंत्र घडविणाऱ्या एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी पुढे स्वतःचा प्रक्रियक रचला. १९८५ च्या त्या पहिल्या ‘आर्म’मध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते, त्याच वर्षीच्या इंटेलच्या ‘३८६’ मध्ये २,७५,०००. आज बहुतेक मोबाइलमध्ये चालतो तो या आर्मच्याच घराण्यातील प्रक्रियक.