लहान मुलांच्या आसनपट्ट्याची वाटचाल
बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मच्छे गावात, सगळ्या सीमाभागाप्रमाणेच, लहान मूल दुचाकीच्या टाकीवर किंवा आईच्या मांडीवर बसूनच प्रवास करत आले, आणि कायद्यानेही दीर्घकाळ त्याची दखल घेतली नाही. मोटारीतील बालआसन, म्हणजे दोन्ही खांदे, कमरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांमधील जागा अशा पाच ठिकाणी मुलाला धरून ठेवणारी खुर्ची, पाश्चात्त्य देशांत मात्र 1960 च्या दशकात आकाराला येऊ लागली.

तिच्या खांदेपट्ट्यांवरील गाद्या केवळ मऊपणासाठी असतात, हा समज चुकीचा आहे. अनेक आसनांत त्यांच्या आतल्या बाजूस न घसरणारा थर असतो, मागून त्या आसनालाच अडकवलेल्या असतात, आणि धडकेच्या वेळी मुलाचे डोके व धड पुढे झेपावण्यास त्या अटकाव करतात. त्यामुळे त्या गळ्याशी न सरकवता छातीवर सपाट ठेवाव्या लागतात आणि खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी येणार नाही इतका तो आवळावा लागतो. आत जाड स्वेटर असल्यास घट्ट भासणारा पट्टा प्रत्यक्षात सैलच राहतो.

भारतात मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलाला न बांधता नेल्यास 1000 रुपये दंड ठरवला. मच्छेसारख्या गावांच्या दृष्टीने मात्र फेब्रुवारी 2022 ची अधिसूचना अधिक मोलाची आहे, कारण तिने चार वर्षांखालील मुलासाठी दुचाकीवरही पट्टेबंध, म्हणजे मुलाचे जाकीट व त्याला जोडलेले, चालकाने खांद्यांत अडकवायचे पट्टे, सक्तीचे केले, आणि ते 30 किलोपर्यंत वजन पेलणारे असावेत असे सांगितले.